इंदूच्या विमानातली पुढची जागा

माझ्या धाकट्या बहिणीने विमान घेतलं, हे मला शाळेत मधल्या सुट्टीत कळलं. इंदू नैरोबीला असते. तिचे यजमान तिथे डॉक्टर आहेत. पोस्टमनने पत्र शाळेतच आणून दिलं आणि मी डबा उघडता उघडता वाचलं. लांबच्या मळ्यांवरच्या रोग्यांकडे जायला सोयीचं म्हणून डॉक्टरांनी एका मित्राशी भागीत दोन माणसांचं जुनं विमान घेतलं होतं. पण वर गेलं की डॉक्टरांना उलट्या होतात. म्हणून इंदू चालवायला शिकली. तिला परवानाही मिळाला. 'ताई, तू ये. तुला आफ्रिका वरून दाखवते.'

आनंद व्हायला हवा होता. मला आला संताप. डबा तसाच बंद केला आणि चौथीच्या मुलींना भूगोल शिकवायला गेले.

का, ते सांगते. बाबांचं स्वतःचं गलबत होतं. लहानपणी ते मला जयगडपर्यंत बरोबर न्यायचे, होकायंत्राची सुई कशी वाचायची ते दाखवायचे, वारा सरळ असला की सुकाणूवर हात ठेवू द्यायचे. इंदू तेव्हा पाळण्यात होती. पुढे मी मोठी झाले, आणि मोठी मुलगी गलबतावर शोभत नाही म्हणून ते बंद झालं. बाबा गेल्यावर घर माझ्या मास्तरकीच्या पगारावर आलं. इंदूचं शिक्षण झालं, इंदूचं लग्न झालं. माझ्या लग्नाचा विषय हळूहळू कुणी काढेनासं झालं. त्याची मी तक्रार केलेली नाही. पण नकाशा, दिशा, वारा ही माझी मिळकत, असं मी धरून चालले होते. आमच्या घरी विमान यायचंच तर ते माझ्याकडे यायला हवं होतं. इंदूला तर आमच्या दारातून मांडवीचं बंदर कुठल्या दिशेला, हेसुद्धा धड सांगता यायचं नाही.

मग गेलात कशाला, असं कुणी विचारील. हेवा वाटतो म्हणून माणूस घरी बसतो असं थोडंच आहे? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी बिनपगारी रजा मागितली. प्रवासखर्चाचा अर्धा वाटा इंदूने पाठवला, आणि तोही मला टोचला.

आई अंगणात सुकत घातलेले बांगडे उलटत होती. मी जाऊ का म्हणून विचारलं.

"जा गो," ती म्हणाली, "पोर कशी हाय ती बघून ये."

एवढंच. मग आठवडाभर तिची बांधाबांध चालली होती. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, सुके बांगडे.

आमच्या बंदरात आगबोट धक्क्याला लागत नाही. पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि पडाव लाटेवर वर आला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा. हे ज्याला जमलं त्याला पुढच्या प्रवासात फारसं भ्यायचं कारण नाही. मुंबईत पासपोर्ट आणि देवी टोचल्याचा दाखला दोन्ही हाताशी ठेवावेत, ट्रंकेत नव्हे. मोंबासाच्या बोटीवर मी डेकचं तिकीट घेतलं होतं. डेकवर अंथरूण आपलं, भांडी आपली, आणि शेजार नशिबाचा. माझ्या शेजारी पोरबंदरचं एक कुटुंब होतं. त्यांनी मला ठेपले दिले, मी त्यांना आमसुलाचं सार दिलं. बोट लागत असेल तर त्यासारखं औषध नाही. मला बोट लागत नाही. इंदूला लागते, हे मला त्या सबंध प्रवासात वरचेवर आठवत होतं आणि बरं वाटत होतं.

मोंबासाला उतरलं की क्षणभर आपण घरीच आलो असं वाटतं. माड तेच, उकाडा तोच, शिडाचे मचवेही ओळखीचे. शहाळंही आपल्यासारखंच: इथला शहाळेवाला शहाळं फोडून देतो आणि मलई काढायला त्याच शहाळ्याचा चमचा करून देतो. तिथून आगगाडी चढत चढत नैरोबीला जाते. तांबडी धूळ नाकातोंडात बसते, म्हणून पांढरं लुगडं नेसू नये. मी नेसले होते.

नैरोबीच्या स्टेशनवर इंदू उभी होती. अंगावर नऊवारी, वर पुरुषी कोट, पायात बूट. चारपाच माणसांनी जाता जाता तिला नमस्कार केला, त्यात एक पंजाबी इंजिन ड्रायव्हरही होता.

"ताई, अगो किती वाळलीस!" ती गळ्यात पडली.

"तू मात्र भरलीस," मी म्हटलं. पहिलं वाक्य हे. त्यावर ती खो खो हसली, म्हणजे माझा बाण फुकटच गेला.

तिचं घर पत्र्याचं, पण पुढे गुलाब. हवा आपल्या महाबळेश्वरासारखी; पहाटे शाल लागते. जेवायला तळ्यातला मासा. चव मातकट, आणि चिंचेत शिजवलेला. मी पिशवीतून आमसुलं काढली. दुसऱ्या दिवशीच्या कालवणावर डॉक्टर खूश झाले. "ताई, तुमच्या हाताला रत्नागिरीची चव आहे," ते म्हणाले. साधा, सज्जन माणूस. बायको विमान चालवते हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगतात. स्वतःला उलट्या होतात, हेही सांगतात. असा नवरा मिळणं हीसुद्धा हेव्याचीच गोष्ट, पण त्या यादीत मी तो फार वर ठेवला नाही. वर विमान होतं.

विमान गावाबाहेरच्या मैदानावर. लाकडाचं आणि कापडाचं, दोन मजली पंखांचं. त्याला बोटाने टिचकी मारली की डफासारखं वाजतं. चालवणारा मागे बसतो, पाहुणा पुढे. मैदानाच्या कडेला गोऱ्या लोकांचा क्लब आहे. मैदानावर विमान उतरवायला इंदूला परवानगी आहे, क्लबच्या ओसरीवर बसून चहा प्यायला नाही. त्यामुळे आम्ही बाभळीखाली थर्मासमधला चहा प्यायलो. ओसरीवर एक तरुण मडम पाय पसरून बसली होती. तिचं नवंकोरं विमान समोर उभं होतं, बंद काचेच्या खोलीचं. इंदू त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्याची मला ओळख पटली. मी गेले आठवडाभर तिच्याकडे असंच बघत होते. माझा चहा एकदम गोड लागला.

तेवढ्यात तिला शिकवणारा साहेब आला. म्हाताराच होता, लढाईत विमानं उडवलेला. माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "तुमच्या बहिणीचा हात फार हलका आहे. असा हात शिकवून येत नाही."

चहा पुन्हा कडू झाला.

माझी परतीची बोट मोंबासाहून होती. इंदूने ठरवलं की सामान घेऊन डॉक्टरांनी आगगाडीने जायचं आणि मला तिने विमानाने बंदरापर्यंत पोचवायचं. इथून आमची खरी तयारी सुरू झाली. वाचकांपैकी कुणाला परमुलखात असं खाजगी विमानाने जायचं मनात असेल तर त्यांनी एक ध्यानात घ्यावं: उडणं थोडं, तयारी फार.

पहिली गोष्ट पेट्रोल. टाकीत मावतं तेवढ्यावर नैरोबीहून थेट मोंबासा गाठता येईल, पण वारा समोरून लागला तर गाठता येणार नाही. म्हणून वाटेत व्होई नावाच्या स्टेशनाजवळच्या मैदानावर उतरायचं. तिथे आधी आगगाडीने पेट्रोलचे डबे पाठवायचे आणि स्टेशनमास्तराला तार करायची. तो आमच्या नशिबाने गोवेकर निघाला. त्याने उलट तार केली की डबे सावलीत ठेवले आहेत, मैदानावरचं गवत कापून घेतलं आहे, आणि येताना सुकी मासळी असल्यास आणावी.

दुसरी गोष्ट वेळ. उन्हं चढली की जमीन तापते, हवा खालून उसळते आणि विमान कढईतल्या चणेफुटाण्यांसारखं उडतं. म्हणून सकाळी लवकर निघायचं. पण फार लवकर नव्हे, कारण नैरोबीवर पहाटे ढग बसतो. तो उठला की निघायचं. बरोबर पाणी, बिस्किटं, काडेपेटी आणि आरसा घ्यायचा. विमान रानात उतरवावं लागलंच तर आरशाने ऊन चमकवून खूण करता येते. बाकी ज्यांच्या मैदानांवर उतरायचं त्यांची परवानगी लेखी घ्यावी. तोंडी परवानगी देणारा साहेब नेमका त्या दिवशी रजेवर असतो.

तिसरी गोष्ट वजन. नैरोबी उंचावर आहे, हवा विरळ, त्यामुळे विमान जड असलं तर धावतच राहतं. आम्हा दोघींना कॉफीच्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. माझा आकडा पाहून डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"ताई, तुझी पिशवी आगगाडीनं जाऊ दे," इंदू म्हणाली.

"पिशवी माझ्याजवळच राहील. तू बूट काढ."

"बूट काढून उडवू कशी?"

"मग ती बिस्किटं कमी कर."

शेवटी पिशवी आगगाडीनेच गेली.

आणि चौथी गोष्ट नकाशा. जेवणाच्या टेबलावर तो पसरलेला पाहिल्यावर माझ्याने राहवेना. मी पट्टी घेतली, नैरोबी ते व्होई सरळ रेघ मारली, होकायंत्राचा कोन काढला, बाजूच्या वाऱ्याने किती सरकू त्याचा हिशेब मांडला. बाबांनी शिकवलेलं सगळं हातात तसंच होतं. इंदू हनुवटीवर हात ठेवून बघत राहिली. मग तिने पेन्सिल घेऊन माझ्या रेघेशेजारी रेल्वेचा वाकडातिकडा मार्ग गिरवला.

"आपण रुळांवरनं जायचं."

"लांब पडतं. सरळ गेलीस तर पेट्रोल वाचेल."

"मधे रान आहे ताई, उतरायला जागा नाही. इंजिन बंद पडलं तर रूळ बरे."

"बाबा कधी किनारा धरून गेले नाहीत."

"हे बाबांचं गलबत नव्हे!" तिचा आवाज चढला. "आणि मला काय माहीत बाबांचं गलबत? मला कधी नेलं? आठवड्यातून दहादा ऐकते मी ते गलबत."

डॉक्टर हळूच उठून रोगी बघायला गेले. रोगी कुणी आलेला नव्हता. मी माझी रेघ खोडली नाही, पण रुळांच्या मार्गावर अंतराच्या खुणा केल्या आणि प्रत्येक स्टेशनाजवळ ओळखीची खूण लिहिली: नदी, पूल, टेकडी. त्या खुणा तिने नंतर एकेक वाचल्या. "हे मला जमत नाही," ती हळूच म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. खरं तर फार स्वच्छ ऐकू आलं होतं.

निघायच्या दिवशी ढग उशिरा उठला. मी अंबाडा सोडून वेणी घातली, कारण कातडी टोपी अंबाड्यावर बसत नाही. डॉक्टरांचा ओव्हरकोट, त्याखाली कासोटा घट्ट खोचलेलं लुगडं. पुढच्या जागेत बसले तर पायांमध्ये एक दांडा. तो कशाचा म्हणून विचारेपर्यंत पंखा फिरू लागला. विमान धावलं, धावलं, कुंपण जवळ आलं, आणि चाकांची खडखड थांबली. जमीन सुटली होती.

ते वर्णन मी करणार नाही असं ठरवलं होतं, पण थोडं करते. गवताळ रान सिंहाच्या पाठीसारखं पिवळं. त्यावरून आमची सावली धावत होती आणि झेब्रे सावलीपुढे पळत होते. उजव्या हाताला ढगांवर पांढरा डोंगर तरंगत होता, बुंध्याशिवाय. किलीमांजारो. भूगोलाच्या तासाला मी कितीतरी वर्षं त्याचं नाव मुलींकडून पाठ करून घेतलंय. तो खरोखरच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बोलायला रबरी नळी असते, तिच्यातून इंदू विचारायची, "ताई, पुढे काय?" मी नकाशा बघून सांगायची, "पूल येईल." पूल यायचा. त्या दोन-अडीच तासांत मला तिचा हेवा वाटला नाही. विसरूनच गेले होते.

व्होईला गोवेकर मास्तरांनी चहा दिला आणि मी ओव्हरकोटाच्या खिशात ठेवलेली बांगड्यांची पुडी दिली. त्यांनी पुडी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. टाकी भरेपर्यंत उन्हं चढली होती, क्षितिजावर पांढऱ्या ढगांचे ढीग उभे राहत होते.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"तासाभराचाच तर रस्ता आहे. थांबलो तर ढग वाढतील."

पुन्हा वर गेलो. थोड्या वेळाने नळीतून तिचा आवाज आला, "ताई, तो दांडा धर."

"काय?"

"तुझ्यासाठी मुद्दाम बसवून घेतलाय सकाळी. एरवी पाहुण्याला देत नाहीत. धर. मी हात सोडते."

मी धरला. आधी दोन्ही हातांनी, मग एका. तो नुसता दाबायचा नसतो, तो सांगतो ते ऐकायचं असतं. डावीकडे कलंडलं, मी सावरलं. नाक वर गेलं, मी खाली आणलं. सुई आमच्या कोनावर ठेवली. सुई हलेना. वारा कानांत शिट्टी घालत होता आणि विमान मी नेत होते, मी! इतक्या वर्षांत मनाशी म्हणत आले होते की संधी मिळाली असती तर मी इंदूपेक्षा सरस ठरले असते. ते खरं होतं. हे बघा, खरं होतं.

तेवढ्यात ढगाच्या कडेखाली आम्हाला धक्का बसला. आधी वर उसळलो, आणि मग खालची जमीन कुणी काढून घेतल्यासारखं विमान खाली गेलं. एक पंख आभाळाकडे, एक रानाकडे. मी काय केलं? दांडा सोडला. दोन्ही हातांनी विमानाची कड धरली, डोळे मिटले आणि ओरडले, "इंदू!"

दांडा माझ्या गुडघ्यांमध्ये आपोआप हलला. मागचा जोडीचा दांडा तिने धरला होता. अलगद, घाई न करता. पंख सरळ झाले. मी डोळे उघडले तर पुढे समुद्र दिसत होता.

मोंबासाचं मैदान आलं तेव्हा तिने विमान असं टेकवलं की चाकं जमिनीला कधी लागली ते कळलं नाही.

आम्ही उतरलो. मी टोपी काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली. ती जवळ आली.

"पहिल्यांदा मीही हात सोडले होते. ओरडलेही होते."

"मग?"

"मग साहेबानं परत धरायला लावलं."

तेवढं ऐकून मी बंदराकडे बघत राहिले. पहिल्यांदा हात तिचेही सुटले होते. मग दुसरा दिवस आला, तिसरा आला, साहेब सोबतीला बसून राहिला, नवरा घरी वाट बघत राहिला. माझी बोट त्याच आठवड्यात सुटणार होती. त्या क्षणी जो हेवा वाटला तो आधीच्यासारखा चिडका नव्हता. तो खोल गेला आणि तिथेच बसला.

धक्क्यावर निरोप घेताना इंदू रडली. मीही रडले. तिने माझ्या हातात तो नकाशा दिला. "तुझी सरळ रेघ आहे त्यावर. डॉक्टर म्हणाले, खोडायची नाही." मग डोळे पुसत म्हणाली, "एकदा तीच धरून जाईन. तू पुढे बसलीस तर."

परतीच्या बोटीवर फारसं सांगण्यासारखं काही घडलं नाही. मुंबईला उतरून रत्नागिरीची आगबोट पकडली, पडावात उतरले, मिऱ्याचा डोंगर तसाच होता. दुसऱ्याच दिवशी शाळा. मुली विचारतात, बाई, वरून माणसं मुंगीएवढी दिसतात का? मी सांगते, माणसं दिसतच नाहीत, सावल्या दिसतात. शेजारणी विचारतात, भीती नाही वाटली? मी सांगते, वाटली. हात सुटल्याचं मात्र मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे. काय उरलं म्हणाल तर तळहातात त्या दांड्याची थरथर उरली. फळ्यावर लिहिताना खडू धरला की कधी कधी ती येते.

आईला हात सुटल्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं ते आल्या संध्याकाळी, ओटीवर बसून. इंदूचं घर, गुलाब, डॉक्टरांचा स्वभाव, मग विमान. पोर कशी आहे ते बघून ये म्हणाली होती, म्हणून मी आधी इंदूची तब्येत सांगत होते. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"वरनं बंदर कसं दिसतं गो?"

"तळहातासारखं. सगळी वळणं एकदम दिसतात. गलबतं कुठनं आत येतात, कुठे वळतात, सगळं."

ती अंधारातून बंदराच्या दिशेला बघू लागली. मला वाटलं, बाबांची आठवण झाली असेल. म्हणून मी उठून दिवा लावायला लागले.

"तुला गलबतावर न्हेलं," ती माझ्या पाठीमागून म्हणाली, "इंदूला आफ्रिका मिळाली. मी लगीन करून आले तवापासून धक्क्यावर उभी. येणाराला बघायचं, जाणाराला बघायचं. मला कधी कोणी इचारलं नाय, येतीस काय म्हणून."

मी वळून पाहिलं. ती रडत नव्हती. रागावली होती. साठीची माझी आई, आणि तिच्या तोंडावर नेमका तो भाव होता जो इंदूचं पत्र वाचताना माझ्या तोंडावर आला असणार.

"पुढल्या साली मी जाणार," ती म्हणाली. "इंदूला लिव. पुढल्या जाग्यावर मी बसणार. तू सामान घेऊन आगगाडीनं ये."

"बरं," मी म्हटलं.

"नुसतं बरं नको. आत्ता लिव."

मी दौत-टाक घेऊन बसले. आई शेजारी पाय दुमडून बसली, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेत. पत्र लिहिता लिहिता मला कळलं की मला तिचाही हेवा वाटतो आहे. तिने अजून एकदाही वरून काही पाहिलेलं नाही. ते सगळं तिच्यासाठी अजून जसंच्या तसं शिल्लक आहे.